कोरूर बॉथी, केर्नगॉर्म्स: छप्पर फुकट, बाकी सगळं पाठीवर

स्कॉटलंडच्या डोंगरांत बॉथी म्हणजे कुलूप नसलेलं साधं घर. भाडं नाही, बुकिंग नाही, राखणदारही नाही. १९६५ साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन अशी सुमारे शंभर घरं स्वयंसेवकांच्या जिवावर सांभाळते. घरं तिच्या मालकीची नसतात, ती त्या-त्या जमीनमालकांची. लेरिग ग्रू खिंडीच्या वाटेवर, १००४ मीटरच्या डेव्हिल्स पॉइंटच्या पायथ्याशी असलेलं कोरूर हे त्यातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध, आणि त्याची अडचणही तीच.

दगडी भिंतींची एकच खोली. १८७७ च्या सुमारास हरणांवर नजर ठेवणाऱ्या माणसासाठी ती बांधली गेली. वीज नाही, नळ नाही, गाद्या नाहीत. गडावरच्या देवळात मुक्काम करणाऱ्यांना हे नवं नाही. फरक एवढाच की इथे जूनमध्येही रात्री हुडहुडी भरते. उन्हाळ्यातल्या शनिवारी आत पाय ठेवायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून तंबू सोबत हवाच. बॉथीच्या भरवशावर तंबू घरी ठेवणं हा इथला सर्वात महागात पडणारा हिशोब. सहा किंवा त्याहून जास्त जणांचा गट मालकाच्या परवानगीशिवाय आणू नये, नियमच तसा आहे.

चूल आहे, पण आसपास झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे जळण स्वतः वाहून आणावं लागतं. स्वयंपाकाला गॅसचा स्टोव्हच बरा. विमानात गॅसची डबी नेता येत नाही, ती ब्रेमार किंवा एव्हिमोर या डोंगराजवळच्या गावांत विकत घ्या. आत शिजवताना दार किलकिलं ठेवा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. पाणी ओढ्याचं, घराच्या वरच्या अंगाने भरा आणि उकळून प्या. खाण्याची पिशवी खुंटीला टांगा, नाहीतर उंदीर ती रात्रीत पोखरतात.

एका बाबतीत मात्र कोरूर इतर बॉथींच्या पुढे आहे. बहुतेक ठिकाणी फावडं घेऊन लांब जावं लागतं, इथे कंपोस्ट संडास आहे. त्यातला मैला स्वयंसेवकच काढतात, तेव्हा लघवीला बाहेर जा आणि आत कचरा टाकू नका. ओले टिश्यूसुद्धा नाहीत.

पोचायचं कसं? ॲबरडीनहून २०१ नंबरची बस ब्रेमारपर्यंत येते. पुढे लिन ऑफ डीच्या वाहनतळापर्यंत साधारण १० किलोमीटर, तिथे बस जात नाही. तिथून डेरी लॉजमार्गे सुमारे १२ किलोमीटर चाल. खरी अडचण ल्युबेग ओढ्याची. पावसानंतर दगडांवरून ओलांडायचा हट्ट नको. थोडं वर चढून गेलं की पूल आहे. शेवटी डी नदीवरच्या पुलापलीकडचा तुकडा चिखलाचा, तिथे गेटर्स, म्हणजे बुटांवरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, कामी येतात. ब्रिटिश नकाशावर बॉथीची जागा शोधायला ग्रिड संदर्भ एनएन ९८१ ९५८. मोबाइलचा भरवसा नको, कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या. डिसेंबरात साडेतीनलाच सूर्य मावळतो, तेव्हा हेडटॉर्चचे जादा सेलही.

जून ते सप्टेंबर, वारा पडला की मिजेस नावाचे बारीक चावरे कीटक घेरतात. डोक्यावरची जाळी फार स्वस्त आणि फार उपयोगी.

आसरा म्हणून पाचपैकी पाच. मुक्काम म्हणून तीन, आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारी.