स्टुडंट ग्रेड जलरंगांची २४ वड्यांची पेटी: आठ महिने वापरून

ही पेटी मी शिकायला नाही, पोटासाठी घेतली. लोक फोटो पाठवतात, आईवडिलांचे, बाळाचे, कुत्र्याचे, आणि मी पोर्ट्रेट करून देते. त्यावर आर्टिस्ट ग्रेडच्या, म्हणजे महाग आणि टिकाऊ रंगांच्या, ट्यूबा खर्च करणं जिवावर यायचं. त्या माझ्या ‘खऱ्या’ चित्रांसाठी राखून ठेवलेल्या.

कामाला पेटी बरी आहे. वड्या पटकन भिजतात, झाकणातच रंग कालवता येतो. अल्ट्रामरीन तर झकास. फिलर, म्हणजे रंगात मिसळलेली स्वस्त भुकटी, जास्त असल्यामुळे दाट लावला की रंग खडूसारखा दिसतो आणि त्वचेला तीन-चार थर चढवले की मळतो. पुस्तकासाठी चित्रं काढून लगेच स्कॅन करणार असाल तर बिनधास्त घ्या.

भानगड आहे ती गुलाबी वडीची. तिच्यावर पिगमेंटचा नंबरच नाही, म्हणजे आत नेमकं कोणतं रंगद्रव्य आहे ते कळत नाही; तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती आली पाच महिन्यांनी. मग सगळ्या रंगांच्या पट्ट्या ओढल्या, अर्ध्या काळ्या कागदाने झाकल्या आणि खिडकीच्या काचेला चिकटवल्या. तीन महिन्यांनी कागद काढला. निळा, पिवळी माती, बर्न्ट सिएना जागच्या जागी. गुलाबीची उघडी बाजू जवळजवळ कोरी! गालांना, ओठांना मी हाच लावत होते.

चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये काढलेल्या आपल्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला, म्हणून आज त्या निळ्या दिसतात. पण त्याच्या दारात तक्रार घेऊन यायला गिऱ्हाईक नव्हतं.

माझी टिकाऊ रंगांतली चित्रं कपाटात, अंधारात पडून आहेत. तिथे हा गुलाबीसुद्धा टिकला असता. आणि लोक पैसे मोजून उजेडातल्या भिंतीवर लावतात, ती चित्रं मी कच्च्या रंगात करत होते.

आता ती वडी कोरून काढली आणि तिच्या खाचेत राखून ठेवलेल्या ट्यूबमधला पीव्ही १९ हा न उडणारा गुलाबी भरला. बाकी पेटी तशीच चालू आहे. पाचपैकी तीन तारे.

जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं, गाल पुन्हा रंगवून देते, फुकट. दोघांनी चित्रं परत पाठवली. एकीने लिहिलं, राहू द्या, बाळही आता तेवढं गुलाबी राहिलेलं नाही.