ईडिथ व्हॉर्टन: सुरुवात कुठून करावी?

अमेरिकन कादंबरीकार ईडिथ व्हॉर्टन वाचायची आहे म्हटलं की बहुतेक जण 'ईथन फ्रोम' सुचवतात, कारण ती दोन बैठकांत संपते. मी मात्र 'द एज ऑफ इनोसन्स' आधी घ्या म्हणेन.

'ईथन फ्रोम' (१९११) कमी प्रतीची आहे म्हणून नव्हे. मॅसॅच्युसेट्समधलं बर्फात बुडालेलं खेडं, आजारी बायको झीना, तिच्याच नात्यातली मॅटी आणि दोघींमध्ये अडकलेला ईथन. झीना एका रात्रीपुरती बाहेर जाते, तेव्हा मॅटी तिची लोणच्याची लाल काचेची बशी टेबलावर काढते. लग्नात आलेली, झीनाने जपून वरच्या फळीवर ठेवलेली. मांजर ती पाडतं. ईथन तुकडे जुळवून पुन्हा वर ठेवतो, लांबून अखंड दिसावी म्हणून. पुढे झीना ते तुकडे हातात घेऊन येते तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत असतं, आणि इतका वेळ जिचा राग येत होता तिच्यासाठी पोटात तुटतं. पण कादंबरीभर उजेडाची फट जवळजवळ नाही. पहिल्याच पुस्तकात एवढा काळोख पेलला नाही, तर पुढचं पुस्तक हातात घेतलंच जात नाही.

'एज ऑफ इनोसन्स' (१९२०) मध्येही पुरुष अडकलेलाच आहे, पण १८७०च्या दशकातल्या श्रीमंत न्यूयॉर्कमध्ये. १८६२ साली व्हॉर्टन याच समाजात जन्मल्या, त्यामुळे इथली प्रत्येक रीत त्यांना आतून ठाऊक. नायक आर्चर, त्याची बायको मे, आणि जिच्यात त्याचा जीव गुंतलाय ती मेच्याच नात्यातली बहीण एलन. एलनच्या निरोपाच्या जेवणाचा प्रसंग पाहा. टेबलाभोवती सगळे हसतमुख, बोलणं गोड. आणि आर्चरच्या हळूहळू लक्षात येतं, की आपण आणि एलन प्रेमिक आहोत हे सगळ्यांनी कधीच धरून चाललंय आणि तिला अदबीने दूर पाठवलं जातंय. आवाज कुणाचाच चढत नाही. त्यानेच अंगावर काटा येतो.

पहिली लिहिली तेव्हा व्हॉर्टन यांचा स्वतःचा संसार मोडकळीला आला होता. १९१३ मध्ये घटस्फोट झाला. दुसरी फ्रान्समध्ये, महायुद्धानंतर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आली. तिच्यासाठी १९२१चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अठ्ठावन्नाव्या वर्षी माया आली आहे, मेवरसुद्धा. मला तीच जास्त भावते.

अडचण एकच: सुरुवातीला मिंगॉट, वेलंड, व्हॅन डर लायडन अशी घराणी एकदम वाचकाच्या अंगावर कोसळतात. नाती कागदावर मांडून ठेवा. दोन्हींचा अमेरिकेतला कॉपीराइट संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लाल बशीची गोष्ट नंतर घ्या, एखाद्या मोकळ्या रविवारी.