तीन वेळा बोलावलेले पोलीस : पंधरा वर्षांचा अनुभव

दर मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या स्थानिक घरपट्टीचं, बिल येतं, त्यात पोलिसांची ओळ वेगळी छापलेली असते. इंग्लंडात राहणारे आपल्यातले बहुतेक जण खालची बेरीज बघतात आणि बिल कपाटात टाकतात. मी ती ओळ वाचते. माझे अण्णा मुंबई पोलिसात हवालदार होते आणि मी नायगावच्या पोलीस लायनीत वाढले. पोलिसाला किती मिळतं आणि त्या बदल्यात लोकांना काय मिळतं, यावर आमच्याकडे ताटावर बसून बोलणं व्हायचं. हॉटेलबद्दल, प्लंबरबद्दल आपण अनुभव लिहितो. ज्या सेवेचे पैसे न चुकता भरतो तिच्याबद्दलही लिहावं म्हणून हे लिहिते आहे. शहराचं नाव देत नाही. मध्य इंग्लंडातलं मध्यम आकाराचं गाव समजा.

पहिल्यांदा पोलीस घरी आले ते २००९ च्या नोव्हेंबरात. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाहून परत आलो तर मागचं दार चौकटीसकट उचकटलेलं आणि बेडरूममधले सगळे खण पलंगावर उपडे केलेले. सासूबाईंच्या पाटल्या, माझी ठुशी, मोहनमाळ, लेकीच्या बारशाचे वाळे, सगळं गेलं. फोन केल्यावर पाऊण तासात एक शिपाई आला. पन्नाशीला टेकलेला, वीस-बावीस वर्षं नोकरी झालेला. देव्हाऱ्यापाशी आल्यावर थबकला आणि बूट काढू का म्हणून विचारलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला आणि त्यानं जे केलं ते मी आजवर विसरलेले नाही. यादी लिहून घ्यायच्या आधी त्यानं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, प्रत्येक दागिन्याचं चित्र काढून दाखवा. मला चित्र काढता येत नाही म्हटलं, तर म्हणाला, मलाही येत नाही, पण ‘सोन्याचा हार’ असं लिहिलं तर तो कुणालाच सापडणार नाही. ठुशीचे मणी कसे बसतात, पाटलीची कडी कुठे असते, आतल्या बाजूला काही खूण आहे का, असं एकेक विचारत गेला. पाटल्यांच्या आत साताऱ्याच्या सोनाराचा शिक्का होता. तोही मी आठवेल तसा काढला.

दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे घ्यायला एक बाई आल्या. पाच आठवड्यांनी फोन आला. चाळीस मैलांवरच्या गावात जुनं सोनं घेणाऱ्या एका दुकानात पाटल्या मिळाल्या होत्या आणि त्या ओळखल्या गेल्या त्या शिक्क्यावरून. बाकीचं गेलं ते गेलंच. पण पाटल्या हातात आल्या तेव्हा सासूबाई देवापुढे साखर ठेवून बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. त्या सेवेला पाचपैकी साडेचार तारे, आणि अर्धा कापला तोही फक्त वाळ्यांसाठी.

पुढच्याच वर्षी सगळं बदलायला लागलं. ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारनं पोलिसांना मध्यवर्ती तिजोरीतून मिळणारा पैसा चार वर्षांत, महागाई धरून, वीस टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. मग टॉम विन्सर यांचा दोन भागांतला अहवाल आला, मार्च २०११ आणि मार्च २०१२ मध्ये. विन्सर मूळचे वकील, आधी रेल्वेचे नियामक. त्यांनी सुचवल्याप्रमाणे २०१३ पासून नव्या शिपायाचा सुरुवातीचा पगार १९,००० पौंडांवर आला, म्हणजे आधीपेक्षा सुमारे ४,००० पौंड कमी. दोन वर्षं पगारवाढ गोठवलेली होती, पुढे कित्येक वर्षं ती एक टक्क्यावर अडवून धरली. अहवालातलं सगळं वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. रात्री आठ ते सकाळी सहा काम करणाऱ्याला दहा टक्के जास्त द्यावेत, ही सूचना मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. अण्णांना रात्रपाळीचं कुणी काही दिलं नाही.

१० मे २०१२ ला सुट्टीवरचे तीसएक हजार पोलीस लंडनच्या रस्त्यावर उतरले. त्यातल्या सोळा हजारांच्या डोक्यावर काळ्या टोप्या होत्या, जाणार म्हणून सांगितलेल्या प्रत्येक नोकरीमागे एक. त्याच महिन्यात बोर्नमथला पोलीस फेडरेशनच्या, म्हणजे पोलिसांच्या संघटनेच्या, अधिवेशनात गृहमंत्री थेरेसा मे यांची हुर्यो उडवली गेली. मी तेव्हा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात होते. आमचाही पगार गोठलेला. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणायच्या, सगळ्यांच्याच ताटातलं कमी झालंय, मग यांचंच काय एवढं? आणि खोटं कशाला सांगू, मीही मान डोलावली होती. शेजारच्या निवृत्त नर्सबाई तेवढ्या म्हणाल्या, तू संपावर जाऊ शकतेस, ते जाऊ शकत नाहीत. त्यांचं बरोबर होतं. १९१८ आणि १९१९ च्या पोलीस संपांनंतर इथल्या पोलिसांचा संपाचा हक्क कायद्यानं काढून घेतला, तो परत दिलेला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९८२ चा ऑगस्ट आठवत राहिला. मी नऊ वर्षांची होते. मुंबईत गिरण्यांचा संप चालूच होता. पंधरा ऑगस्टला आमच्या लायनीतले काका लोक दंडाला काळ्या फिती लावून ड्यूटीवर गेले. पगार, घरं, कामाचे तास आणि साहेबांच्या घरी करावी लागणारी वरकामं, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. अठरा तारखेला सरकारनं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं, शहर पेटलं आणि लष्कर आलं. अण्णांची नोकरी राहिली. आमच्या जिन्यातल्या एका काकांची गेली. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. अण्णा पुष्कळ वर्षांनी एकदाच बोलले. ‘बाय, पगार मागणं हा काय गुन्हा नव्हता. पण त्या दिवशी रस्त्यावर आपलं कुणीच नव्हतं गं. लोकांना आपण “पांडू” वाटायचो.’ लोकांनी आपल्याला तुच्छ मानलं, हे त्यांना पगारापेक्षा जास्त लागलं होतं.

तर दुसरा अनुभव. २०१६ ची सप्टेंबरातली सकाळ, दारासमोरची गाडी नाही. १०१ ला, म्हणजे तातडी नसलेल्या कामासाठीच्या पोलिसांच्या नंबरला, फोन केला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलीनं सगळं नीट, अगदी आपुलकीनं लिहून घेतलं आणि क्राइम नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, दिला. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात पहाटे तीन वाजता दोन पोरं स्पष्ट दिसत होती. शेजाऱ्यानं ती फीत पेनड्राइव्हवर घालून ठेवली. ती न्यायला कुणी आलं नाही. गावातली पोलीस चौकी तोवर बंद झाली होती, आता तिथे फ्लॅट आहेत. नवव्या दिवशी पत्र आलं की तपास थांबवण्यात येत आहे. एक तारा, तोही फोनवरच्या मुलीला.

त्या अनुभवावरून मला आकड्यांचा अर्थ समजला. मार्च २०१० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये एक लाख त्रेचाळीस हजारांहून जास्त पोलीस होते, २०१८ पर्यंत ते एक लाख बावीस हजारांच्या आसपास आले. हे पेपरात वाचत होते, पण वीस-एकवीस हजार पोलीस कमी होणं म्हणजे काय, ते त्या न उचललेल्या पेनड्राइव्हवरून कळलं. आणि कोरा कागद पुढे ठेवणारा तो शिपाई? २०११ मध्येच निवृत्त झाला होता. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, माझ्या जागी कुणाला घेतलं नाही.

इथे मला थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हवालदाराची मुलगी पोलिसांची वकिली करते आहे असं वाटेल. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्डला नोकरीतल्या पोलिसानं ओळखपत्र आणि बेड्या दाखवून गाडीत बसवलं आणि मारलं. नंतर लंडन पोलिसांनी बायकांना सल्ला दिला की साध्या कपड्यातल्या एकट्या पोलिसाचा संशय आला तर रस्त्यावरच्या बसला हात करा. माझी लेक तेव्हा लंडनला शिकत होती. तिनं तो सल्ला मला फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, ‘आई, आजोबा असते तर काय म्हणाले असते?’ मला उत्तर देता आलं नाही. मार्च २०२३ मध्ये लुईझ केसी यांच्या अहवालानं लंडनच्या दलात वंशद्वेष, बायकांचा द्वेष आणि समलिंगींचा द्वेष संस्थेतच मुरलेला आहे असं लिहिलं. हे पगार कमी म्हणून झालेलं नाही. अण्णांचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपायचा, आणि तरी रात्री घरी सोडायला लायनीतल्या पोरी त्यांनाच हाक मारायच्या. म्हणून ‘पगार द्या, मग दर्जा येईल’ असं कुणी सरळ गणित मांडलं की मी अडवते.

पण उलटं गणितही मला मान्य नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या काळात सूर असा होता की असल्या लोकांना पैसे कशाला वाढवून द्यायचे? वाईट माणूस दलात शिरू नये म्हणून भरतीच्या वेळी पार्श्वभूमी तपासावी लागते, तक्रारींचा तपास करावा लागतो, नव्या पोरावर नजर ठेवायला जुना सार्जंट लागतो. हे सगळं करायलाही माणसंच लागतात. २०१९ मध्ये सरकारनं वीस हजार पोलीस परत भरायचं ठरवलं आणि मार्च २०२३ पर्यंत ते भरलेही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्याच अहवालात आलं की चुकीच्या माणसाला दलात येणं फार सोपं झालं आहे. आधी माणसं घालवायची, मग घाईघाईनं भरायची. यात अनुभव कुठून येणार?

तिसरा अनुभव २०२४ च्या नोव्हेंबरातला. पुन्हा दिवाळी, पुन्हा मागचं दार. या वेळी गेली ती मोहनमाळेच्या बदल्यात केलेली नवी माळ, एक तन्मणी आणि नवीन करून घेतलेली ठुशी. पाटल्या बँकेत होत्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तरुण शिपाई आले. घरफोडी झालेल्या प्रत्येक घरी जायचं, असं इथल्या पोलीस प्रमुखांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये कबूल केलं आहे आणि आमच्याकडे तरी ते पाळलं गेलं. मुलगा चौदा महिने नोकरीत, मुलगी नऊ. दोघंही फार अदबीनं वागले. सासूबाई आता नाहीत, पण त्यांच्या फोटोकडे बघून मुलीनं हळू आवाजात चौकशी केली. चहा घेतला. मुलाला मी पगार विचारला, आपल्याकडे विचारतात तसा, आणि त्यानंही मोकळेपणानं सांगितला : वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास, भाड्यात जवळपास निम्मा जातो, शनिवारी कुठल्या गावात बंदोबस्त असेल ते शुक्रवारी कळतं.

मग त्यानं टॅबवर लिहिलं : सोन्याचे हार, तीन.

मी उठले, कोरा कागद आणला आणि चित्रं काढायला बसले. दोघंही वाकून बघत होते. मुलगी म्हणाली, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. तिच्या बोलण्यात जराही उर्मटपणा नव्हता. तिला शिकवू शकला असता तो माणूस तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. लोक मला विचारतात की पगारकपातीनं नक्की काय गेलं? मी हेच सांगते. तो कागद गेला.

तीन तारे. वागणुकीला पाच देईन, तपासाला एकच.

ज्यांच्या घरी सोनं आहे त्यांनी आजच करायची कामं आहेत. प्रत्येक दागिन्याचा फोटो पुढून आणि मागून काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. आतला शिक्का वेगळा टिपा. घराच्या विम्यात एका वस्तूला किती मर्यादा आहे ते बघा, आमची ठुशी तीत बसली नाही. क्राइम नंबर मागून घ्या, त्याशिवाय विमा कंपनी बोलत नाही. आणि पोलीस आले की त्यांच्या टॅबवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा. ते नाही म्हणत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मेल आली. आमच्या केसवरचा तो मुलगा नोकरी सोडून गेला, आता ती दुसऱ्या कुणाकडे आहे. नव्या बाईंनी फोन केला, आवाजावरून त्याही तरुण वाटल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, हार दिसायला कसे होते? चित्रं फाइलला आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, इथे नाहीत. मी संध्याकाळी बसून तिन्ही पुन्हा काढली, ठुशीचे मणी या वेळी मोजून, आणि पाठवली.