आण्णांचे मेमरी केअरमधले आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा उघडल्या त्याच आठवड्यात आण्णांना छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका मेमरी केअर केंद्रात, म्हणजे स्मृती जात चाललेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवलं. आता फेब्रुवारी चालू आहे. ठेवायच्या आधी असं काही वाचायला मिळालं असतं तर दोन-तीन चुका टळल्या असत्या, म्हणून लिहितेय. केंद्राचं नाव टाकत नाही. पुढं तक्रारीही आहेत आणि आण्णा अजून त्यांच्याच हातात आहेत.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ८६. परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर उभा जन्म मुनीमकी केली. तीन वर्षांपूर्वी किराण्याच्या चिठ्ठीची बेरीज करता करता अडकले आणि चिठ्ठी गुपचूप माझ्याकडं सरकवली. ज्या माणसानं कॅल्क्युलेटरला कधी हात लावला नाही त्यानं! तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण 'वय झालं' म्हणत आम्ही एक वर्ष घालवलं. मग संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. बी-१२, थायरॉईड, एमआरआय. पहिल्या दोन्हींत गडबड असली तरी माणूस विसरभोळा होतो आणि तो औषधानं सुधारू शकतो, म्हणून ते आधी बघतात. आण्णांचं दोन्ही ठीक निघालं. ३० गुणांच्या प्रश्नावलीत १३ पडले. अल्झायमर. डोनेपेझिलची गोळी सुरू करताना डॉक्टरांनी सरळच सांगितलं, हिच्यानं आजार जात नाही, थोडे दिवस रेटून धरता येतो.

दिवसा ते बरे असायचे. संध्याकाळी बिघडायचे, आणि पहाटे चारला तर उठून 'गाड्या आल्या असतील, काटा लावायचाय' म्हणत मोंढ्याची वाट धरायचे. दुसऱ्यांदा सापडले ते रेल्वे फाटकापाशी. पायात चप्पल नाही, बगलेत जुनी वही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, भाऊ पुण्याला, आई जाऊन सहा वर्षं झालेली. ठेवलेली बाई आठवड्याभरात 'ताई, हे माझ्यानं नाही व्हायचं' म्हणून गेली.

मे महिन्यात चार ठिकाणं बघितली. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरून काही नावं मिळाली, काही डॉक्टरांकडून. दोन वृद्धाश्रमांनी फोनवरच हात जोडले. एकानं तर स्पष्ट सांगितलं, विसरणारा चालतो, फिरणारा नको. त्यांचंही चूक नाही. वृद्धाश्रमात माणसानं आपलं आपण उठून अंघोळ-जेवण करावं अशी अपेक्षा असते. आपल्याला जे पाहिजे असतं ते वेगळं: फाटकाला आतून कुलूप, पण आत मोकळं फिरायला जागा; गोळ्या हातात न देता तोंडात घालणारं माणूस; आणि तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला तरी न खेकसणारं.

तिसऱ्या ठिकाणी मी सकाळी अकराला गेले तेव्हा सगळं झकपक. फिनेलचा वास, भिंतीवर वारली चित्रं, मॅडम इंग्रजीत बोलणाऱ्या. घरी येताना नवरा म्हणाला, आपण सकाळी बघतोय, पण आण्णांचं बिघडतं कधी? संध्याकाळी. म्हणून दोन दिवसांनी न सांगता साडेसहाला गेलो. तर एका आजोबांना खुर्चीला ओढणीनं बांधलेलं, आणि टीव्ही इतका मोठा की कुणाचं काय चाललंय ऐकू येऊ नये. या आजारात दिवस कलला की जीव घाबरा होतो, माणूस 'घरी जायचं' म्हणून उठतो. ते दोन तास हे लोक काय करतात ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणखी एक, जे मला नंतर एका नर्सनं सांगितलं: तिथल्या म्हाताऱ्यांची नखं आणि टाचा बघायच्या. चेहरा कुणीही पुसून ठेवतं.

चौथं ठिकाण साधंच होतं. पत्र्याची शेड, मधे अंगण, लिंबाचं झाड आणि त्याभोवती गोल वाट. फिरणारा फिरून परत तिथंच येतो. २२ म्हातारी माणसं. मी गेले तेव्हा फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता, तेही एका अर्थी बरंच झालं. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी नसलं की पहिल्यांदा अंघोळी बंद होतात, आणि अंथरुणात लघवी करणाऱ्या माणसाची अंघोळ बंद झाली की कातडी जाते. टँकरचा खर्च कोण करतं आणि इन्व्हर्टर किती तास चालतो, हे दोन्ही विचारले. उत्तरं पटली, ठेव भरली.

पहिला महिना वाईट गेला. 'पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू द्या' असं त्यांचं म्हणणं. आता मला वाटतं हे अर्धंच खरं आहे. रोज जाऊन रडणाऱ्या नातेवाइकानं माणूस बिथरतो, हे मान्य. पण पंधरा दिवसांनी गेले तर आण्णा ५८ किलोंचे ५४ झाले होते. सकाळी इडली, दुपारी मऊ भात, रात्री खिचडी. मराठवाड्यातला ८६ वर्षांचा माणूस इडलीला जेवण म्हणेल का? ताट सरकवून द्यायचे. मी स्वयंपाकाच्या मावशींना जाऊन सांगितलं, सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, करा, चांगले भिजवून, आणि दुपारी ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून. त्या म्हणाल्या, आम्ही घरी तेच खातो की, पण मॅडमनी चार्ट दिलाय. इथल्या मॅडमना विचारलं. त्याही हसून हो म्हणाल्या. दिवाळीपर्यंत आण्णा पुन्हा ५७ वर. एवढी साधी गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. भरती होताना फॉर्मवर रक्तगट, ॲलर्जी, बीपी, शुगर सगळं होतं. माणूस काय खातो हा रकाना नव्हता.

त्यांना खरी पाहिजे होती ती वही. संध्याकाळी सहा वाजले की मोंढ्याची घाई सुरू व्हायची, फाटक हलवायचे, आवाज चढायचा. तिथं एक तरुण ब्रदर (पुरुष नर्स) आहे, शहरातलाच, घरी दखनी उर्दू बोलणारा. त्यानं एकदा सहज विचारलं, "क्या मुनीमजी, कित्ते थैले आये आज?" आण्णा वळले आणि तडक उत्तर दिलं, "चालीस. सब जवारी." निजामाच्या राज्यात त्यांच्या पहिल्या दोन इयत्ता उर्दूतून झालेल्या. आम्ही घरात त्यांना उर्दू बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. अलीकडचं पुसलं जातं आणि खालचं उघडं पडतं म्हणतात, ते असं. दुसऱ्या दिवशी ब्रदरनं स्टोअरमधली जुनी वही आणि पेन आणून दिलं. तेव्हापासून सहाला आण्णा व्हरांड्यात मांडी घालून बसतात, ब्रदर येता-जाता 'बीस थैले तूर' ओरडतो, आण्णा लिहितात. अक्षर आता ओळखू येत नाही, रकाने मात्र सरळ. पान भरलं की फुंकर मारून मिटतात, जणू शाई ओली आहे.

हे कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं. माहितीपत्रकात 'म्युझिक थेरपी' होती. तिचा एक स्पीकर आहे, बहुधा बंदच असतो.

आता तक्रारी.

'चोवीस तास प्रशिक्षित स्टाफ' याचा अर्थ दुसऱ्या महिन्यात समजला. दिवसा पाच जण असतात, रात्री एक ब्रदर आणि दोन मावश्या, २२ जणांना. त्यातली एक पहाटे स्वयंपाकाला लागते. म्हणजे आण्णांच्या चारच्या वेळेला दोघंच. त्या वेळेत सप्टेंबरमध्ये आण्णा बाथरूममध्ये पडले, भुवईवर तीन टाके. मला फोन आला सकाळी साडेआठला. पडण्याचा राग नाही, घरीही पडले असते. साडेचार तासांचा राग आहे.

दसऱ्यानंतर माणसं बदलली. आण्णांची रोजची अंघोळ घालणारी मावशी बीड जिल्ह्यातली. सासू-सासरे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले आणि मागं लेकरं सांभाळायला तिला गावी जावं लागलं. तिच्या जागी तीन आठवड्यांत तीन जणी आल्या. रोज नवा हात अंगाला लागला की आण्णा मारायला धावायचे. मग फायलीवर लिहिलं गेलं, 'रुग्ण आक्रमक'. कुठल्याही केंद्रात ऑक्टोबर ते मार्च काय व्यवस्था असते हे विचाराच. आपल्या भागात हा प्रश्न दर वर्षी येणार, तो त्यांना अचानक पडल्यासारखा वाटतो याचं मला नवल वाटलं.

सगळ्यात मोठा घोळ डिसेंबरमधला. रविवारी गेले तर आण्णा डोळे उघडेनात, जेवण नाही, चादर चिमटीत धरून हवेतलं काहीतरी वेचतायत. दोन दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर वही दाखवत होते. मॅडम म्हणाल्या, आजार पुढं सरकलाय, मनाची तयारी ठेवा. मला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अल्झायमर महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला तर दुसरं कारण शोधायचं: लघवीतलं इन्फेक्शन, तुंबलेलं पोट, रक्तातलं कमी-जास्त झालेलं सोडियम, नवी गोळी. लघवी तपासायला लावली. इन्फेक्शन निघालं. वर हेही कळलं की रात्री ओरडतात म्हणून चार दिवसांपासून झोपेची गोळी चालू होती, मला न विचारता. दवाखान्यात तीन दिवस, अँटिबायोटिक, ती गोळी बंद. आठवड्यानं वही पुन्हा मांडीवर. मॅडमनी माफी मागितली, ती मनापासून होती असं वाटलं. पण त्या रविवारी मी गेले नसते तर?

किरकोळ बाबी: कवळी एकदा शेजारच्या आजोबांच्या तोंडात सापडली. कपड्यांवर नाव घालूनही तीन शर्ट गेले. स्वेटर मात्र दुसऱ्याचा आला, चांगला आहे.

पैसे. ठेव ७५,०००. महिना २६,००० सांगितले. डायपर ३,२००, औषधं १,८००, फिजिओ २,००० वेगळे, म्हणजे खरा आकडा ३३,००० धरा. भाऊ आणि मी निम्मं-निम्मं. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, पण ते पाच लाखांचं कवच दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. इथल्या राहण्या-सांभाळण्याला त्यातला रुपया मिळत नाही. एकदा ऑफिसात नोटा मोजत होते तर आण्णा शेजारी येऊन बसले. "किती?" म्हणाले. सांगितलं. त्यांनी विचारलं, "हाली का कलदार?" तिथली पोरगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा कलदार, आणि कलदार महाग. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरही हाली काही वर्षं चालला. पंधराव्या वर्षी आण्णा आडतीवर लागले तेव्हा दोन्हींचा हिशेब ठेवावा लागे. मी म्हटलं, "कलदार, आण्णा." ते म्हणाले, "मंग लई झाले."

भावकीचं बोलणं होतंच. 'पोरगा असताना पोरीनं बापाला आश्रमात टाकलं.' चुलत्यांनी तर कायदा काढला. २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा मीही वाचलाय, त्यात मुलगा आणि मुलगी दोघंही जबाबदार धरलेत, तेव्हा माझं कुठं चुकलं ते त्यांनी दाखवावं. त्यातलं कुणी आठ महिन्यांत भेटायला आलेलं नाही. सेलूहून परतूर, जालना करत रेल्वे थेट येते.

मला अपराधी वाटतं का? दर रविवारी परतीच्या गाडीत वाटतं, जालन्यापर्यंत. मग आठवतं, घरी शेवटच्या महिन्यात मी त्यांच्यावर हात उगारला होता. मारलं नाही, पण उगारला होता. तिथल्या ब्रदरला आठ तासांनी घरी जाता येतं म्हणून तो सातव्या तासाला हसतो. मला जाता येत नव्हतं.

करार अकरा महिन्यांचा आहे, मेमध्ये संपतो. पुढं चालू ठेवायचा म्हणून दोन ओळी घालायला सांगितल्यात. एक, कुठलीही नवी गोळी सुरू करण्याआधी मला फोन, आणि पडल्यास अर्ध्या तासात, रात्रीचे तीन वाजले असले तरी. हे त्यांनी लगेच लिहून दिलं. दुसरी, रात्री तीनऐवजी चार माणसं, स्वयंपाकाला जाणारी मावशी त्यात न धरता. त्यावर मॅडम म्हणाल्या, महिना दोन हजार वाढतील, बाकीच्या नातेवाइकांना विचारून बघते. मी त्या २२ घरांपैकी नऊ जणांचे नंबर मिळवलेत. सहा जण हो म्हणाले, दोघं विचार करतायत, एक अजून फोन उचलत नाही.