मुंबईहून गोवा: मोपा की दाबोळी?

गोव्यात दोन विमानतळ: दाबोळी आणि उत्तरेचा मोपा. सरळ रेषेत मुंबई ते दाबोळी साधारण 425 किलोमीटर, तर मोपा 390 च्या आसपास. म्हणजे मोपा पस्तीसेक किलोमीटरने जवळ. पण विमानाला एवढं अंतर तीन-चार मिनिटांचं. तिकिटावर दोन्हीकडे सव्वा तासाच्या आगेमागेच वेळ दिसतो, कारण त्यातला बराचसा धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि उड्डाणाची वाट बघण्यात जातो. खरा फरक पडतो तो उतरल्यावर.

मडगाव, कोलवा, काणकोणला जायचं असेल तर दाबोळीच घ्या. मोपाहून मडगाव दुपटीहून लांब, शिवाय वाटेत मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या ओलांडायच्या.

उत्तरेला मात्र मोपाला तोड नाही. जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झालेला हा विमानतळ पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. हरमल, मोरजी जवळ आलेच, पण मला जास्त आनंद बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या लोकांचा. गणपतीला गावी येणाऱ्यांना पूर्वी दाबोळीला उतरून अख्खा उत्तर गोवा पार करावा लागायचा.

पणजीसाठी दाबोळी किंचित जवळ. तिथे तिकीट आणि टॅक्सीचं भाडं एकत्र धरून ठरवा. बुकिंग करताना कोड नीट वाचा: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स.