तीन लाख किलोमीटर पळालेली टोयोटा प्रियस (तिसरी पिढी, २०१० ते २०१५)

जुनी हायब्रिड म्हटलं की सगळे बॅटरीलाच घाबरतात. या गाडीत खरी डोकेदुखी १.८ लिटरचं इंजिन आहे. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलर काजळीने चोंदतो, मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) बारीक वाटा बुजतात आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) जातं. सकाळी थंड इंजिन सुरू होताना गाडी काही सेकंद गदागदा हलली आणि गळती दिसत नसतानाही टाकीतला गुलाबी कूलंट उतरत असला, तर समजा वेळ आली. गॅस्केट बदलून ईजीआर तसाच ठेवणारा मेकॅनिक नको. पुन्हा तेच होणार. दर लाखभर किलोमीटरला कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड तिन्ही उतरवून साफ करा. इंजिन ऑइल पिते का तेही पाहा, काजळी तिथूनच वाढते.

बॅटरीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल असतात. एखादं बसलं की बॅटरी खराब असल्याचा पी०ए८० कोड येतो. एकच मॉड्यूल बदलणं म्हणजे ठिगळ. बाकीचेही तितकेच म्हातारे असतात. मागच्या सीटशेजारची पंख्याची जाळी मात्र नियमित झाडा. कुत्र्याचे केस, धूळ अडकली की बॅटरी तापते.

ब्रेक न दाबताही ब्रेकचा पंप सारखा घरघरत असेल तर अ‍ॅक्च्युएटर (ब्रेकचा दाब तयार करणारा भाग) आतून गळतोय. महागडं काम, विकत घेण्याआधीच तपासा.

गिअरबॉक्स? डब्ल्यूएस (टोयोटाचं गिअरबॉक्सचं) ऑइल बदलत राहा, बाकी तक्रार नाही. क्लच नाही, स्टार्टर नाही, ऑल्टरनेटरही नाही.