केन्सिंग्टन चर्च स्ट्रीटवर घेतलेली तांबडी डबी

ठाण्याला रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे कुठलीही रंगवलेली वस्तू दिसली की माझी नजर आधी थरांवर जाते. लंडनमध्ये केन्सिंग्टन चर्च स्ट्रीटवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून चिनी कोरीव लॅकरची डबी घेतली, ती याच नजरेने पारखून.

डबी गोल, तळहातावर मावणारी, १९व्या शतकातली. झाकणावर पाइनच्या झाडाखाली दोन वृद्ध आणि त्यांच्यामागे एक पोरगा. हे लॅकर म्हणजे सावंतवाडीच्या कामातली किड्यांची लाख नव्हे. हा झाडाचा चीक, हिंगुळाने तांबडा केलेला. एक पातळ हात द्यायचा, दमट हवेत तो घट्ट होऊ द्यायचा, मग दुसरा. असे कित्येक डझन, मोठ्या कामात शंभराहून जास्त हात चढल्यावर कोरणी लावायची. आमच्या कारखान्यात एवढा धीर कुणालाच परवडला नसता!

भिंगातून पाहिलं तर खाचेच्या कडा धारदार आहेत, कोरणीचे ओरखडे दिसतात आणि तळाशी पिवळसर थर डोकावतो. साच्यातून काढलेल्या नकली डब्यांवर कडा बोथट असतात आणि नक्षी गुळगुळीत. सर्वांत सुंदर आहे ती चित्रामागची बारीक जाळीदार नक्षी: आकाशाला एक, पाण्याला दुसरी, जमिनीला तिसरी. इतक्याशा झाकणावर तिन्ही नीट वेगळ्या ओळखू येतात.

दुकानाला पैकीच्या पैकी गुण द्यायचे ते प्रामाणिकपणाला. तळावर छियेनलोंग बादशहाच्या (१७३६–१७९५) नावाचा शिक्का आहे. तो नंतरच्या काळातला, हे मालकांनी आपणहून सांगितलं आणि पावतीवरही तसंच लिहिलं. काठाचा टवका भरलेला आहे, तोही अतिनील टॉर्चखाली दाखवला. किंमत चढी आहे, तरी पैसे योग्य जागी गेले. खटकली ती काचेची कपाटं. आतल्या दिव्यांच्या उजेडाने लॅकर निस्तेज होतं आणि कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसून तडे जातात. घरी डबी हीटरपासून लांब ठेवा, ओलं फडकं लावू नका.

नव्याने जमवणाऱ्यांनी आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चीनच्या श्वांदे बादशहाच्या काळातलं, १५व्या शतकातलं लॅकरचं टेबल पाहावं. त्यावरच्या ड्रॅगनांच्या पंजाचं पाचवं नख नंतर कुणीतरी काढून टाकलंय. आतून निळं मीनाकाम असलेल्या पितळी गाभ्याच्या डब्या पुष्कळ मिळतात; त्या बहुतेक २०व्या शतकातल्या. सुरुवातीला घ्यायला चांगल्या, फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नका.

या दुकानात आधी कळवून जा. मालक स्वतः असले तरच वस्तू कपाटाबाहेर काढून हातात देतात.